तालीम आणि संहिता

तालीम म्हणजे पाठांतराची उजळणी, असे आम्ही आदिलाबादच्या शाळेत समजत असू. तेलुगूभाषक मित्राच्या तोंडी मराठी वाक्य निराळेच वळण घेई. गुरुजी हताश होत. (ते वळण अधिक गोड वाटे, हे आता कबूल करतो.)

'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात वेळ घालविण्यासाठी मांडलेला खोटा खटला बेणारेबाईंच्या जिवावर उठतो. त्यांचे अखेरचे स्वगत ही तेंडुलकरांची पूर्वयोजना, असे मी वर्षानुवर्षे शिकविले. ते चूक होते. तालमी चालू असताना दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला, म्हणून ते लिहिले गेले. माझे काही विद्यार्थी आज समोर बसले आहेत. त्यांनी वहीतील ते वाक्य खोडावे.