दवाखान्याचा गल्ला वेगळा ठेवा, पण करबचतीच्या नावाखाली पॉलिसी घेऊ नका

नांदेडहून येणारा रस्ता जेथे फुटतो, एक हिंगोली-अकोल्याकडे आणि दुसरा हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरकडे जातो, तो कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा. हॉटेल, गॅरेज, टायर-पंक्चर, वेल्डिंग, फळगाडे, मटणाची दुकाने असा येथला धंदा. यातील बहुतेकजण स्वतःच मालक आणि स्वतःच कारागीर. मिस्त्री आजारी पडला की शटर खाली. पगारी रजा नाही, ई.एस.आय. नाही, फंड नाही.

अशा व्यापारी बांधवांकडे मार्च जवळ आला की विम्याचे एजंट येतात. "मेडिक्लेम घ्या, टॅक्स वाचेल" हे त्यांचे ठरलेले वाक्य. आजारपणाची सोय करावी हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. टॅक्स वाचतो हे म्हणणे मात्र तपासून घेतले पाहिजे.

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डी ची ही सवलत. स्वतः, पत्नी व मुलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता २५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होतो. आई-वडिलांसाठी आणखी २५ हजार आणि ते साठीच्या पुढचे असतील तर ५० हजार. हप्ता रोखीने भरला तर सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत.

मुख्य अट पुढेच आहे. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून आपण काही कळवले नाही तर नवी पद्धतच लागू होते आणि तिच्यात ही सवलत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. येथे उत्पन्न म्हणजे नफा, विक्री नव्हे. वर्षाला ८० लाखांची विक्री असलेल्या दुकानदाराने ठोक पद्धतीने ८ टक्के नफा दाखवला तर तो ६ लाख ४० हजार होतो. विवरणपत्र भरावे लागेल, कर मात्र एक रुपयाही नाही. जो कर नाहीच, तो पॉलिसीने वाचणार कसा?

मोठ्या व्यापाऱ्याचाही हिशेब पाहू. समजा, नफा १५ लाख आहे. नव्या पद्धतीत उपकरासह कर १ लाख ९ हजार २०० रुपये. जुन्या पद्धतीत विम्याचे ७५ हजार आणि ८० सी चे दीड लाख वजा केले तरी कर २ लाख २ हजार ८०० रुपये. घरकर्जाचे २ लाख व्याज आणखी वजा केले तरी १ लाख ४० हजार ४०० च्या खाली येत नाही. शिवाय धंद्याचे उत्पन्न असणारा एकदा जुनी पद्धत घेऊन नव्यात परतला की धंदा आहे तोवर त्याला पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. तेव्हा एजंटाच्या शब्दावर पद्धत बदलू नये, आधी आपल्या कर सल्लागाराकडून दोन्ही बाजू कागदावर मांडून घ्याव्यात.

अमेरिकेत २००४ पासून यासाठी वेगळेच खाते आहे, हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. सुरुवातीचा मोठा खर्च ज्याचा त्याने सोसायचा अशी पॉलिसी असलेला माणूस त्यात पैसे टाकतो. तेवढी रक्कम करातून वगळली जाते, उरलेली पुढच्या वर्षी चालते, आणि औषधपाण्यासाठी काढली तर कर नाही. २०२६ साठी कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर आहे. नांदेड-हिंगोलीकडच्या कारागिराला असे खाते मिळत नाही. पण त्यामागची कल्पना आपल्याकडेही चालण्यासारखी आहे. दिवसाच्या गल्ल्यातून ५० रुपये बाजूला काढले तर महिन्याच्या २६ दिवसांप्रमाणे वर्षाला १५ हजार ६०० होतात. हे पैसे दुकानाच्या खात्यात ठेवू नयेत, माल आला की ते मालात जातात. वेगळे खाते काढावे. त्यावर करसवलत नाही, पण तपासण्या, रोजची औषधे, नांदेडच्या खेपा आणि बंद शटरचे पंधरा दिवस यांसाठी तो पैसा हाताशी राहतो. दुकानभाडे आणि पोऱ्याची मजुरी थांबत नाही, आणि साध्या मेडिक्लेममध्ये या गोष्टी येत नाहीत.

मोठ्या आजारासाठी आधी सरकारी योजना पाहावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारचा नांदेडही होता. आता तिच्यात शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पांढरे कार्ड असले तरी. ७० वर्षांवरील बुजुर्गांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. दोन्ही ठिकाणी यादीतले रुग्णालय आणि यादीतले उपचार हवेत. आपल्या लोकांची अडचण बहुतेक नावाची. शिधापत्रिकेवर 'शे. महेबूब', आधारवर 'शेख मेहबूब', मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही. रुग्ण स्ट्रेचरवर असताना हा घोळ निस्तरत बसण्यापेक्षा आजच सेतू केंद्रात जाऊन नावे एकसारखी करून घ्यावीत.

त्यापुढे खाजगी विमा घ्यायचा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. शरीयतच्या दृष्टीने प्रश्न असेल त्याने जाणत्या आलिमांना विचारावे. घेणार असाल तर सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. उठला आहे, हे हप्ता ठरवताना लक्षात असू द्या. साखर, रक्तदाब आधीपासून असेल तर अर्जात स्पष्ट लिहावे. अशा आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावे लागते, पण तो लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. आणि फॉर्मवरच्या आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे एजंटला भरू देऊ नका, स्वतः वाचून, मुलाकडून वाचून घेऊन, मगच सही करा.