एक आडनाव, अनेक कागद

दफ्तरखान्यात पाऊल टाकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिले साधन असते ते आडनावाचे. प्रस्थापितांच्या घराण्यांना सनदा आहेत, वंशावळी आहेत, छापील कुलवृत्तांत आहेत. आपल्याजवळ बहुधा आडनाव तेवढे असते. म्हणूनच हे साधन किती खरे आणि किती फसवे, हे पारखून घेतले पाहिजे.

मी मोताळ्याला शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. घरात जुना कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गाच्या हजेरीपटावर गवई, इंगळे, तायडे, वानखडे ही वऱ्हाडी नावे असतात. त्यातले 'गवई' उदाहरणादाखल घेऊ.

१९२० साली नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. तिथे विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनची बाजू घेणारे ग. आ. गवई होते, आणि त्या भूमिकेला विरोध करणारे तरुण आंबेडकर. पुढे १९३२ मध्ये हेच गवई संयुक्त मतदारसंघाच्या राजा-मुंजे कराराच्या बाजूने उभे राहिले. दुसरे नाव रा. सू. गवई यांचे. अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे हे रिपब्लिकन नेते विधान परिषदेचे सभापती आणि पुढे बिहार व केरळचे राज्यपाल झाले. त्यांचे पुत्र भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. तिसरे कागद १९७४ चे. अकोला जिल्ह्यातल्या ढाकळी गावात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले, आणि पँथरने तो प्रश्न पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेला.

कायदेमंडळ, राजभवन आणि फोडलेले डोळे हे सारे एकाच आडनावाखाली आहे. यावरून ही माणसे एकमेकांची नातलग ठरत नाहीत. आडनाव रक्ताचा पुरावा देत नाही. परंतु एकाच प्रदेशातल्या एकाच समाजाच्या वाट्याला काय काय आले, याचा पट ते उलगडून दाखवते. त्यात बाबासाहेबांच्या विरोधात गेलेला माणूसही येतो. गैरसोयीचा म्हणून त्याचा कागद बाजूला सारला, तर आपण इतिहास लिहीत नाही, आरती लिहितो.

आता या साधनाचे दोष. हेच नाव इंग्रजी कागदात कुठे 'व्ही'ने लिहिलेले सापडते, कुठे 'डब्ल्यू'ने. दोन्ही जागी शोधावे लागते. इंगळे, वानखडे ही आडनावे अनेक जातींत आहेत. आडनावे बदलतातही. सकपाळांच्या घरातला मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला, तो भिवा रामजी आंबेडकर या नावाने. आणि सर्वांत मोठा दोष असा की जुन्या कोतवाल बुकात आपल्या माणसाचे आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. नाव, बापाचे नाव, आणि पुढे जात. लिहिणाऱ्याला तेवढी ओळख पुरेशी वाटत होती.

हा प्रश्न केवळ संशोधकाचा नाही. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबाच्या कागदावर 'महार' आहे पण आडनाव नाही. १९५६ नंतरच्या बापाच्या दाखल्यावर आडनाव आहे, पण जातीच्या रकान्यात 'बौद्ध'. मधला दुवा जुळला नाही, तर पोराचा प्रवेश अडतो. अशा वेळी आडनावाचा हट्ट सोडून नाव, बापाचे नाव, गाव आणि साल ही चार टोके धरावीत. कोतवाल बुक, शाळेचा दाखल-खारीज आणि जमिनीचा कागद यांत ती जुळली, तर साखळी उभी राहते.

प्रत्येक गावातल्या शिकलेल्या पोराने आपल्या वस्तीपुरती ही चार टोके एका वहीत उतरवून काढावीत. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल. ज्यांची नावे अर्धी लिहिली गेली, ती पुरी लिहिण्याचा अधिकार आता आपल्या हाती आहे.