महागाई आली तरी कात्री ताटाला नको



गेल्या काही महिन्यांत कोणत्याही गटाच्या बैठकीला गेले तरी बचतीचा विषय निघायच्या आधी तेल-डाळीचा भाव निघतो. "मॅडम, पगार नाही वाढला, मजुरी नाही वाढली, पिशवी मात्र हलकी झाली," असं तुम्ही सांगता. म्हणून या अंकात घरखर्चाविषयी लिहिते आहे. काटकसर कशी करायची हे मी तुम्हाला काय शिकवणार, ते तुम्ही माझ्या जन्माच्या आधीपासून करताय. मला सांगायचं आहे ते एवढंच, की काटकसर करताना कात्री कुठे लागते ते आधी बघा.

कात्री कुठे लागते?

भाव वाढला की घरात एका ठरलेल्या क्रमाने कपात होते. आधी फळ बंद. मग दूध अर्ध्यावर. मग वरणात पाणी वाढतं. मग भाजी एकच वेळ. आणि शेवटी, सगळ्यांचं जेवून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते बाईचं. कधी भाकरी आणि ठेचा, कधी नुसता चहा. हे कोणी ठरवून करत नाही, पण होतं असंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९–२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर, धाप, सतत थकवा हे सगळं त्यातूनच येतं. मग दवाखाना, सलाईन, बुडलेली मजुरी. ताटातून वाचवलेले पैसे असे दुसऱ्या दाराने निघून जातात. म्हणून डाळ, पालेभाजी, दूध-अंडी यांना हात लावायच्या आधी बाकीच्या जागा तपासू.

भाव का वाढतात, थोडक्यात

काही भाव हंगामाचे असतात. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत ठेवला जातो. पावसाळ्यात तो सडायला लागतो आणि नवा लाल कांदा ऑक्टोबरनंतर येतो, म्हणून मधल्या दिवसांत कांदा रडवतो. टोमॅटोचंही तसंच. २०२३ च्या जुलैमध्ये तो किलोला शंभराच्या वर गेला होता.

काही भाव बाहेरून येतात. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल परदेशातून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून आणि सूर्यफुलाचं तेल बरंचसं रशिया-युक्रेनकडून येतं. २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं, त्यातच इंडोनेशियाने काही दिवस निर्यात बंद केली, आणि आपल्या कढईतलं तेल महागलं.

यातून एक गोष्ट कळते. हंगामी भाव आधीच खरेदी करून चुकवता येतो. बाहेरून आलेला भाव चुकवता येत नाही, तिथे वापरच कमी करावा लागतो.

१. आधी दोन आठवडे लिहून काढा

गटाचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो, घराचा मात्र डोक्यात. एक जुनी वही घ्या आणि तीन रकाने करा: काय घेतलं, किती घेतलं, किती पैसे. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. दोन आठवड्यांत सुटे पैसे कुठे जातात ते दिसतं.

उदाहरण बघा. दोन लेकरांना रोज दहा-दहा रुपयांचे कुरकुऱ्याचे पुडे दिले तर दिवसाला २० आणि महिन्याला ६०० रुपये होतात. अंडं ७ रुपयांना धरलं तर तेवढ्यात ८५ अंडी येतात. लेकराला रागवू नका, पण हा हिशोब घरात सगळ्यांसमोर मांडा. मालकांच्या तंबाखू-पुडीचाही रकाना त्याच वहीत ठेवा, तिथेही आकडा बोलतो.

छोटी पाकिटंही महागात पडतात. पाच रुपयांच्या पुडीवरचं वजन वाचा आणि मोठ्या पाकिटाशी तुलना करा. तेलाच्या पिशवीचं तर नक्की बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण बाजारात ८५० किंवा ८०० ग्रॅमच्या पिशव्याही येतात, दिसायला सारख्याच. भाव दहा रुपयांनी कमी दिसतो, तेलही कमीच असतं. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापलेली असते, ती वाचून घ्या.

२. हक्काचं रेशन पूर्ण उचला

अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य दर महिन्याला मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या मोठ्या बाईचं नाव असतं, म्हणजे हे कार्ड तुमचंच आहे.

आता कार्ड काढा आणि नावं मोजा. नवी सून आणि शेवटचं लेकरू त्यात आहे का? प्राधान्य कार्डावरचं एक नाव म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य. नाव वाढवायचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यायचा असतो. प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का तेही दुकानात विचारा. धान्य घेताना मशीनची पावती मागा आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोशी जुळवा.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या ताईंनी लक्षात ठेवा, 'एक देश एक रेशनकार्ड' मुळे तुमचं धान्य कामाच्या गावच्या दुकानातही उचलता येतं. गरोदर आणि स्तनदा मातांचा, तसंच सहा वर्षांखालच्या लेकरांचा अंगणवाडीतला आहारही सोडू नका.

३. तूर विकताना घरची डाळ बाजूला काढा

आपल्याकडे एक गोष्ट दरवर्षी होते. डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास होते. उधारी, खताचं देणं, लेकीचं लग्न समोर असतं, म्हणून सगळी तूर आडतीवर जाते. आणि आषाढात तीच डाळ आपण दुकानातून पाव-पाव किलो आणतो.

पाच माणसांच्या घराला रोज २०० ग्रॅम डाळ धरली तर महिन्याला ६ किलो, वर्षाला ७२ किलो लागते. एक क्विंटल तूर भरडली की चांगल्या गिरणीत साधारण ६५ ते ७० किलो डाळ पडते, वर चुणी जनावराला. म्हणजे एक क्विंटल तूर ही जवळजवळ वर्षाची डाळ झाली. घरची तूर असेल तर एवढी विकूच नका. अडचण असेल तर त्या रकमेपुरतं गटाकडून कर्ज घ्या, पण डाळ घरात राहू द्या.

ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनी रास झाल्या-झाल्या तूर विकत घ्यावी का? हिशोब करून बघू. तूर ७,५०० रुपये क्विंटल, भरडाई ६०० धरू. एकूण ८,१०० झाले. यातले ८,००० रुपये गटाच्या अंतर्गत कर्जातून महिना २ टक्क्यांनी घेतले आणि आठ महिन्यांत हजार-हजार फेडले, तर व्याज ७२० रुपये होतं. एकूण ८,८२०. डाळ ६८ किलो पडली तर किलोला साधारण १३० रुपये पडले. दुकानात वर्षभर सरासरी १५० चा भाव राहिला तर १,४०० रुपयांच्या आसपास वाचतात. पण दुकानातही १३० च असेल तर कर्ज काढून काही उपयोग नाही. म्हणून त्या वेळचे भाव घालून हा हिशोब बैठकीत मांडा आणि मगच ठरवा. गटाने अशा कर्जाला व्याज १ टक्का केलं, तर ७२० चे ३६० होतात. आणि व्याज शेवटी गटाच्याच पेटीत राहतं, हेही विसरू नका.

तूर कडक उन्हात वाळवा. दाताखाली 'कट' वाजली की वाळली. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो, डाळीला त्या मानाने कमी. म्हणून भरडून, कोरड्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ मिल तयार केली आहे. तुमच्या ग्रामसंघाच्या गावांत तूर भरपूर असेल तर व्यवसाय म्हणूनही तिचा विचार करता येईल.

४. मिळून घ्या

गटात दहा-बारा जणी म्हणजे दहा-बारा घरांचा किराणा. तेल, गूळ, शेंगदाणे, साबण अशा चार-पाचच वस्तूंपासून सुरुवात करा. आठवडा आधी यादी आणि पैसे गोळा करा. दोघी-दोघींनी आळीपाळीने तालुक्याला जावं, दोन-तीन दुकानांचा भाव विचारावा आणि पक्कं बिल आणावं. गाडीभाडं धरूनही स्वस्त पडतं का ते बघा. उधारीवर कोणालाच देऊ नका, नाहीतर किराण्यापायी गट मोडायचा. तेल बंद पिशव्यांचा बॉक्स घ्या. सुटं तेल नको, त्यात भेसळीची भीती असते.

तेल वापरायचं किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम पुरे, म्हणजे चहाचे सहा चमचे. पाच जणांच्या घराला महिन्याला चार किलो होतात. यापेक्षा जास्त लागत असेल तर तिथे खुशाल कात्री लावा, तब्येतीलाही बरं. महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवलं की हात आपोआप आवरतो.

५. दारातली भाजी

सांडपाण्यावर एक शेवगा, एक कढीपत्ता, पपई आणि दोन वाफे मेथी-पालक-चुक्याचे, एवढं तरी प्रत्येक दारात हवं. शेवग्याचा पाला फुकट आहे. डाळीत, पिठल्यात, भाकरीच्या पिठात, कशातही जातो. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुरडू, टाकळा रानात असतोच. ओळखीचीच भाजी तोडा आणि फवारलेल्या रानातली नको. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

दोन आठवड्यांची वही, रेशनकार्डावर राहिलेली नावं, आणि वर्षाला तुमच्या घराला डाळ किती लागते तो आकडा, या तीन गोष्टी घेऊन या. सचिवताईंनी राहिलेल्या नावांची यादी इतिवृत्तात लिहावी. मग दहा घरांचे अर्ज एकाच दिवशी मिळून देता येतील. एकटीला 'उद्या या' म्हणतात, दहा जणी गेल्या की खुर्ची देतात.

आणि चौथं काम वहीत लिहायचं नाही. आज रात्री वरण वाढताना स्वतःची वाटी सगळ्यांच्या वाटीबरोबरच भरा, शेवटी नको.

– क्षेत्र समन्वयक