संख्यालेखनाच्या अध्यापनात काड्यांच्या मोळ्यांचा उपयोग

शैक्षणिक साहित्याचे मोल ते किती आकर्षक आहे यावर नव्हे, तर विद्यार्थ्यांची कोणती अडचण त्याने दूर होते यावर ठरते. म्हणून साहित्य जमविण्यापूर्वी अडचण नेमकी ओळखणे हे शिक्षकांचे पहिले काम होय.

दुसरीच्या वर्गात ‘सत्तावीस’ सांगितले असता काही मुले ७२ लिहितात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. मराठीत उच्चार आधी साताचा व मागून विसाचा होतो. लेखनात मात्र २ हा अंक प्रथम येतो. कानाने ऐकलेला क्रम हात तसाच उतरवितो. १९, २९ अशा ८९ पर्यंतच्या आठ संख्यांची अडचण याहून निराळी आहे. ‘एकोणतीस’ या नावात ना दोन ऐकू येतात, ना नऊ.

याच कारणास्तव २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली व तीवर राज्यभर चर्चा झाली. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षस्थानी मंगला नारळीकर होत्या. कन्नड भाषेत २१ ला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक, असेच म्हणतात. जर्मन भाषेत मराठीप्रमाणे एकक आधी येतो. वाचनाची रीत कोणतीही स्वीकारली, तरी घरात व बाजारात मुलांच्या कानी ‘सत्तावीस’च पडणार. तेव्हा नाव, वस्तू व अंक यांची सांगड वर्गातच घालून दिली पाहिजे.

गेवराई तालुक्यातील तलवाडा व आसपासच्या गावांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जी मुले हंगामी वसतिगृहात वा नातलगांकडे न राहता आईवडिलांबरोबर जातात, त्यांचे वर्षाच्या मधले पाठ बुडतात. परत आल्यावर त्यांना मागे बसवून अंक उतरवून घेण्यास लावले, तर वही भरते. समज येत नाही. मात्र दहाची मोळी म्हणजे काय, हे या मुलांना सांगावे लागत नाही. उसाची मोळी बांधताना त्यांनी रोज पाहिलेली असते. हा अनुभव गणितात उपयोगी पडतो.

यासाठी तुराट्यांच्या वीतभर काड्या व थोडी सुतळी पुरेशी आहे. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील खडे, बिया, पाने, शिंपले यांतूनच बालशिक्षणाचे साहित्य उभे केले होते.

पाठाचा क्रम असा ठेवावा. प्रत्येक गटाला २७ सुट्या काड्या द्याव्यात. दहा मोजून मोळी मुलांनीच बांधावी. तयार मोळ्या देऊ नयेत, कारण दहा सुट्यांचा एक दशक होतो हे बांधतानाच कळते. जमिनीवर दोन घरे आखून डावीकडे मोळ्या व उजवीकडे सुट्या काड्या ठेवाव्यात आणि त्यांखाली अंक लिहावेत. ‘दोन मोळ्या, सात सुट्या, वीस आणि सात, सत्तावीस’ असे म्हणवून घ्यावे. लगेच शेजारी ‘बाहत्तर’ मांडण्यास सांगावे. सात मोळ्यांचा ढीग पाहिल्यावर २७ व ७२ यांतील भेद निराळा समजावून द्यावा लागत नाही.

एकोणतीससाठी तीन मोळ्या ठेवून एक काडी कमी करण्यास सांगावे. मोळी सोडल्यावाचून ते जमत नाही. सोडल्यावर दोन मोळ्या व नऊ सुट्या उरतात. हीच कृती पुढे वजाबाकीत उपयोगी पडते. ३२ मधून १७ काढताना एक मोळी सोडली की १२ सुट्या होतात, आणि दशक मोकळा करणे म्हणजे काय ते मुलांना उमगते.

त्यानंतर फळ्यावर मोळीसाठी उभी रेघ व सुट्या काडीसाठी टिंब काढावे, आणि शेवटी केवळ अंक ठेवावेत. मोबाइलवरील हलती चित्रे या टप्प्यावर दाखवावीत, आधी नव्हे. पडद्यावर मोळी आपोआप बांधली जाते व मूल केवळ पाहत राहते. चित्र मध्येच थांबवून ‘आता किती मोळ्या होतील?’ असे विचारावे व उत्तर पाटीवर लिहून घ्यावे.

आठवड्याच्या शेवटी २७ व ७२, ३६ व ६३, ४९ व ९४ अशा जोड्या क्रम बदलून सांगाव्यात. ज्या मुलाचे अंक उलटले असतील, त्याच्या हाती पुन्हा काड्या द्याव्यात. गावी उशिरा परतलेल्या मुलांचीही हीच चाचणी प्रथम घ्यावी व त्यांचे पुढील पाठ तिच्या निकालावरून ठरवावेत.