ट्राउटच्या नदीला कोणती गाडी न्यावी?

मासे पकडायला मोटारगाडी कशाला हवी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. आपल्याकडे गळ टाकणारा माणूस बहुधा पायीच नदीवर जातो. फार तर सायकलवरून. पण अमेरिकेतल्या माँटाना राज्यात 'फ्लाय फिशिंग'चा छंद असलेली माणसे गळाइतकाच गाडीचाही विचार करतात. त्यांच्यात यावरून वाद रंगतात. एक म्हणतो, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारा उंच ट्रकच हवा. दुसरा म्हणतो, साधी मोटार पुरे. यात खरे कोणाचे? या वादाचा निकाल लावायला मोठे ग्रंथ चाळावे लागत नाहीत. घर्षण, दाब आणि आर्किमिडीजचे तत्त्व एवढी शिदोरी पुरते, आणि ती तुमच्याजवळ आहेच.

मासा थंड पाण्याचा

फ्लाय म्हणजे माशी. या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसे, केस आणि दोरा यांची बनवलेली खोटी माशी लावतात. ही माशी इतकी हलकी असते, की ती नुसती भिरकावली तर दूर जातच नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. सुमारे २.७ मीटर लांबीच्या लवचिक काठीने ही दोरी हवेत मागेपुढे झुलवतात आणि माशी अलगद पाण्यावर उतरवतात. खरा कीटकच पडला असे समजून ट्राउट मासा तिच्यावर झडप घालतो.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्याला त्रास होऊ लागतो. याचे एक कारण प्राणवायू. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांना तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. साहजिकच ट्राउट सापडतो तो डोंगराळ भागातल्या, बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्यांत.

माँटानातली मॅडिसन ही अशीच एक प्रसिद्ध नदी. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांच्या संगमातून ती जन्म घेते. मोठ्या नदीच्या काठाने पक्की सडक असते. पण डोंगरातल्या लहान ओढ्यांकडे जायचे म्हणजे खडीचा, चढाचा आणि पाऊस पडला की चिखलाचा रस्ता. गाडीची परीक्षा तिथे होते.

दोन चाके की चार?

गाडी पुढे जाते ती चाक आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. समजा, गाडीचे वजन १६०० किलोग्रॅम आहे आणि ओल्या खडीवरचा घर्षणांक ०.४ आहे. इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळत असेल, तर त्या चाकांवर गाडीचा साधारण निम्मा म्हणजे ८०० किलोग्रॅम भार असतो. तेव्हा ओढ मिळेल ती ८०० चे ०.४ पट, म्हणजे ३२० किलोग्रॅम भाराइतकी. चारही चाके शक्तीने फिरत असतील, तर हीच ओढ दुप्पट, म्हणजे ६४० होते. पहिली गाडी १०० मीटर पुढे जाताना २० मीटर उंची गाठणारा चढ कशीबशी चढेल. दुसरी ४० मीटरचा चढही चढून जाईल. एकूण काय, चढावर ट्रकवाल्याचा पक्ष बळकट आहे.

पण थोडे थांबा. हीच गाडी उतारावर आली तर? ब्रेक तर दोन्ही गाड्यांच्या चारही चाकांना असतात! म्हणजे थांबण्याच्या बाबतीत दोघींची पात्रता सारखीच. ताशी ५४ किलोमीटर वेगाने ओल्या खडीवरून सपाट रस्त्याने जाणारी कोणतीही गाडी ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे २९ मीटर घेते. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ वेगळाच. चार चाकांची शक्ती गाडीला पुढे नेते, पण लवकर थांबवत नाही. अनेक अनुभवी चालक नेमके हेच विसरतात आणि वळणावर घसरतात.

टायरमधली हवा

आता चिखलाचे पाहू. आपल्या १६०० किलोग्रॅमच्या गाडीचा प्रत्येक चाकावर ४०० किलोग्रॅम भार येतो. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलोग्रॅम असेल, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर भरतो. पोस्टकार्डाहून थोडाच मोठा! अशा चार कार्डांवर सारी गाडी उभी असते. हवा कमी करून दाब १.६ वर आणला, तर हा भाग २५० चौरस सेंटिमीटर होतो. भार तोच, पण तो दीडपट जागेवर पसरला. त्यामुळे चाक मऊ जमिनीत कमी रुतते. उंटाच्या पसरट पायांचे रहस्यही हेच. मात्र पक्क्या सडकेवर परतताच हवा पुन्हा भरायला हवी. नाहीतर टायर तापून फुटण्याचा धोका असतो. म्हणून माहीतगार माणूस महागड्या गाडीआधी हवेचा पंप आणि दाबमापक जवळ ठेवतो.

ओढा ओलांडावा का?

खरा धोक्याचा प्रश्न आता येतो. वाटेत ओढा आडवा आला, पलीकडे मासे भरपूर आहेत आणि पाणी जेमतेम गुडघाभर दिसते आहे. गाडी घालावी का?

पुन्हा हिशेब करू. गाडीचा तळ ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे ६.४ चौरस मीटर आहे आणि तो जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच आहे, असे समजा. पाणी ३० सेंटिमीटर खोल असेल, तर ते तळाच्या वर १० सेंटिमीटर चढते. गाडी ०.६४ घनमीटर पाणी बाजूला सारते. तेवढ्या पाण्याचे वजन ६४० किलोग्रॅम, आणि आर्किमिडीज सांगतो त्याप्रमाणे पाणी गाडीला तेवढ्याच बलाने वर उचलते. १६०० पैकी चाकांवर उरतात फक्त ९६०. भार घटला, की घर्षणही घटते. पाणी ४५ सेंटिमीटर झाले, तर बाजूला सारलेले पाणी नेमके १६०० किलोग्रॅम भरते आणि आत पाणी शिरेपर्यंत गाडी होडीसारखी तरंगते. फरक इतकाच, की या होडीला सुकाणू नसते.

त्यात प्रवाहाचा रेटा असतो. वेग दुप्पट झाला, की हा रेटा चौपट होतो. शिवाय इंजिनाने हवेबरोबर पाणी आत ओढले, तर पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे आतले दांडे वाकतात आणि गाडी भर प्रवाहात बंद पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा आहे, की जोरात वाहणारे सुमारे ३० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि सुमारे ६० सेंटिमीटर पाणी मोठ्या गाड्या व ट्रकही नेते. उंच ट्रकला फायदा मिळतो तो काही सेंटिमीटरांचा. पण त्यापायी येणारा फाजील आत्मविश्वास मात्र फार मोठा असतो.

माशांचे घर आणि चाकांचा चिखल

समजा, गाडी सुखरूप पार झाली. तरी नुकसान झालेलेच असते. ट्राउटची मादी शेपटीने खडे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती खड्यांखाली झाकते. ही घरटी वरून सहज दिसत नाहीत. चाकाखाली अंडी चिरडतात. ढवळलेला गाळ खड्यांमध्ये बसला, की उरलेल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. माँटानातल्या १९८५ च्या कायद्याने लोकांना नद्यांचा वापर करण्याचा हक्क मान्य केला. पण त्या हक्कात नदीच्या पात्रात मोटार चालवणे बसत नाही.

आणखी एक चोर-प्रवासी चिखलाबरोबर येतो. न्यूझीलंडमधली एक चिमुकली गोगलगाय १९८७ मध्ये आयडाहो राज्यातल्या स्नेक नदीत आढळली आणि पुढे अनेक नद्यांत पसरली. तिची लांबी काही मिलिमीटरच असते, ओल्या चिखलात ती कित्येक दिवस जगते, आणि नराविनाही तिला पिल्ले होतात. म्हणजे बुटाला किंवा चाकाला चिकटलेली एकच गोगलगाय नव्या नदीत वसाहत सुरू करू शकते. मॅडिसन नदीत १९९४ मध्ये माशांना गरगर फिरायला लावणारा एक परजीवी रोग आढळला. नदीच्या काही भागांत त्याने इंद्रधनुषी ट्राउटची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटवली. त्या परजीवीची बीजे तळाच्या चिखलात राहतात. म्हणून एका नदीवरून दुसरीकडे जाण्यापूर्वी बूट, जाळी, होडी आणि चाके घासून धुणे व पूर्ण वाळवणे अत्यंत आवश्यक आहे.

मग निवड कोणती?

आता आपण निकाल देऊ शकतो. पुष्कळ काठ्या चार तुकड्यांत सुटतात आणि प्रत्येक तुकडा सुमारे ७० सेंटिमीटरचा होतो. त्यासाठी लांबलचक गाडीची गरज नाही. येलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे खाद्यपदार्थ उघड्यावर ठेवता येत नाहीत. म्हणून मागे उघडा हौदा असलेल्या ट्रकपेक्षा सर्व बाजूंनी बंद होणारी गाडी सोयीची. चढाच्या कच्च्या रस्त्यासाठी चारही चाकांना शक्ती असावी आणि तळ सुमारे २० सेंटिमीटर उंच असावा. टायर चांगले हवेत. जादा चाक, पंप, फावडे, बादली आणि घासायचा ब्रश बरोबर असावा. एवढे असले, की मध्यम आकाराची साधी गाडी पुरते. ती काठापासून थोडी दूर उभी करावी आणि उरलेली वाट पायी चालावी. तसेही, जमिनीचा हादरा जाणवला की ट्राउट पळतोच!

आपल्याकडे फ्लाय फिशिंगसाठी गाडी घेणारे थोडेच असतील; पण पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू पाहणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या माहितीतल्या एखाद्या गाडीच्या तळाची लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची मोजा. तिचे वजन विचारून घ्या आणि किती खोल पाण्यात ती तरंगू लागेल, ते काढा. आलेले उत्तर गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसांना जरूर दाखवा.