जोशी, जी. एन.

जोशी, जी. एन. : (१९०९–१९९४). मराठी भावगीतगायक व ध्वनिमुद्रिकांचे निर्माते. पूर्ण नाव गोविंद नारायण जोशी. जन्म विदर्भातील खामगाव येथे. ते कायद्याचे पदवीधर होते. भावगीत घरोघरी पोहोचविणाऱ्या पहिल्या गायकांत त्यांची गणना होते.

१९३० नंतरच्या काही वर्षांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एच. एम. व्ही.) या कंपनीने त्यांची गीते मुद्रित केली. त्यांपैकी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची मुद्रिका विलक्षण लोकप्रिय झाली. कवीचा शीळ हा संग्रह १९५४ मध्ये निघाला. त्यापूर्वीच या मुद्रिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले होते. गंगूबाई हनगल यांच्याबरोबरही जोशी यांनी युगुलगीते गायिली.

त्याच दशकाच्या अखेरीस ते एच. एम. व्ही.च्या मुंबई येथील ध्वनिमुद्रण विभागात अधिकारी झाले. ध्वनिमुद्रणाचा अभियंता यंत्रे सांभाळतो. निर्माता कलावंत निवडतो, त्याला राजी करतो आणि गायनाला मुद्रिकेच्या मापात बसवितो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मुद्रिकेच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच गायन मावे. चुकलेला भाग कापून जोडण्याची सोय ध्वनिफितीपूर्वी नव्हती. चूक झाल्यास सारे गायन पुन्हा करावे लागे. भावगीताला हे माप मानवले. सावकाश फुलणाऱ्या ख्यालाला मात्र ते जाचक ठरले. स्वतः गायक असल्याने जोशी यांना कलावंतांची ही अडचण उमगत असे. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर इत्यादींच्या मुद्रणांशी त्यांचा निकटचा संबंध आला.

एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावणारी दीर्घमुद्रिका आल्यावर रागविस्ताराला अवकाश मिळाला. अमीर खाँ यांची मारवा व दरबारी या रागांची दीर्घमुद्रिका १९६० मध्ये निघाली. खाँसाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली त्यांची मुद्रणे थोडीच असल्याने तिचे मोल मोठे आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरासिया व ब्रिजभूषण काब्रा यांची कॉल ऑफ द व्हॅली (१९६७) ही जोशी यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस संतूर, बासरी व गिटार यांतून सुचविणारी ही मुद्रिका परदेशांतही गाजली.

याच उद्योगसमूहाच्या लंडन येथील स्टुडिओत याच्या उलट घडले. बीटल्स वृंदाचे ध्वनिमुद्रण अभियंते व नंतर पिंक फ्लॉइडचे निर्माते असलेले नॉर्मन स्मिथ (१९२३–२००८) १९७१ मध्ये ‘हरिकेन स्मिथ’ या नावाने लोकप्रिय गायक बनले. जोशी यांनी मात्र गायनातील कीर्तीनंतर इतरांचे स्वर जतन करण्याचे काम पत्करले. आपल्या आठवणी त्यांनी स्वरगंगेच्या तीरी या मराठी व डाउन मेलडी लेन (१९८४) या इंग्रजी पुस्तकांत लिहिल्या आहेत. मुद्रिकेवर निर्मात्याचा स्वर ऐकू येत नाही. परंतु मागील पिढीचे गायन आज ऐकावयास मिळते, त्यात त्याचा वाटा असतो.