संगणकांतील पत्रांचा सांभाळ

घरांतील संगणक मंदावतो, मध्येंच अडतो, आणि अखेरीस त्यांतील कार्यप्रणाली पुसून ती नव्यानें बसविण्याचा निर्णय होतो. विंडोज १० या प्रणालीचें नेहमींचें मोफत साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यापासून तर हा प्रसंग अनेक घरांपुढें उभा आहे. दुरुस्तीस आलेला कारागीर काम आरंभण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारतो : “आंतलें कांहीं ठेवायचें आहे काय?” घरची मंडळी छायाचित्रें आठवतात, मुलांच्या अभ्यासाचे कागद आठवतात, हिशेबाचे तक्ते आठवतात, तें सर्व एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलें जातें. पत्रांचें स्मरण मात्र बहुधा कोणासच होत नाहीं. दोन तासांनीं संगणक कोरा करकरीत होऊन पुढें येतो, आणि टपालाचा प्रोग्राम उघडावा तों तो परक्या माणसासारखा नांव आणि पासवर्ड विचारूं लागतो. पंधरा-वीस वर्षांचा पत्रव्यवहार जेथें होता, तेथें रिकामी चौकट दिसते.

ही हानि लहान समजूं नये. परदेशीं गेलेल्या मुलानें पहिल्या हिंवाळ्यांत लिहिलेलीं पत्रें, घराच्या खरेदीचा पत्रव्यवहार, आजारपणांत डॉक्टरांशीं झालेला विचारविनिमय, आणि कधीं कधीं आतां हयात नसलेल्या माणसाचे अखेरचे चार शब्द, हें सारें त्या पेटींत असतें. पूर्वीं घरांतील पत्रें रुमालांत बांधून माळ्यावर पडत. वाळवी लागली तरी अर्धा कागद हातीं येई. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमाल शे-दोनशें वर्षांनंतरही संशोधकांस उलगडतां आले, तें कागद जागच्या जागीं राहिले म्हणून. संगणकांतील पत्र असें हळूहळू झिजत नाहीं. बहुतेक वेळां तें एक तर संपूर्ण असतें, किंवा मुळींच नसतें. म्हणून यंत्र पुसण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर निश्चित करावें लागतें. तो प्रश्न असा, कीं पत्रें राहतात कोठें?

एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे जाळ्यावरून पत्र धाडण्याचा प्रयोग अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं केला. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’चें चिन्ह घालण्याचा प्रघातही त्यांचाच. पुढें लहान संगणक टेबलावर आले, आणि मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, जमणारें टपाल या लहान यंत्रावर कसें वाचावें, हा प्रश्न उभा राहिला. त्यास दोन उत्तरें मिळालीं.

पहिलें उत्तर १९८४ सालचें असून त्यास ‘पॉप’ असें नांव आहे. त्याची रीत पोस्टांतील खासगी पेटीसारखी. माणूस जातो, पेटी उघडतो, पत्रें घरीं आणतो, आणि पोस्टांतली पेटी रिकामी होते. सर्व्हरवरही एक प्रत राहूं द्यावी अशी सोय पुढें झाली खरी. परंतु सर्व्हरवरील जागा अपुरी असे त्या दिवसांत पुष्कळांनीं ती वापरली नाहीं. शिवाय या रीतींत केवळ आलेलें टपाल आणलें जातें. स्वतः पाठविलेल्या पत्रांची प्रत घरच्या यंत्रावरच राहते. दुसरें उत्तर मार्क क्रिस्पिन यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९८६ सालीं योजिलें. त्यास ‘आयमॅप’ म्हणतात. ही रीत ग्रंथालयांत बसून पोथी वाचण्यासारखी आहे. पोथी तेथेंच राहते. घरच्या यंत्रावर दिसतें तें तिचें प्रतिबिंब.

आपलें टपाल यांपैकीं कोणत्या रीतीचें, हें ओळखण्यास तांत्रिक ज्ञान लागत नाहीं. दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून, किंवा फोनवरील ब्राउझरमधून, टपालसेवेचें पान उघडावें आणि तीन गोष्टी पाहाव्या : सर्वांत जुनें पत्र तेथें आहे काय, पाठविलेलीं पत्रें आहेत काय, आणि घरच्या यंत्रावर केलेले सर्व कप्पे तेथें दिसतात काय. तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें, तर यंत्र पुसल्यानें पत्रांस धक्का लागत नाहीं. नांव आणि पासवर्ड दिला कीं तीं परत येतात. एकाचेंही उत्तर नकारार्थी आलें, तर तीं पत्रें जगांत केवळ त्या घरच्या डिस्कवर आहेत असें धरून चालावें. यांत एक चकवा आहे. आयमॅप वापरणारा मनुष्यही सर्व्हरवरील जागा भरली म्हणजे जुनीं पत्रें ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यांत ओढून ठेवतो. त्या क्षणापासून तीं सर्व्हरवर नसतात. प्रोग्राममध्यें तीं पूर्वींसारखींच शेजारीं दिसत राहिल्यामुळें तीं वेगळ्या ठिकाणीं गेलीं हें त्याच्या ध्यानांत राहत नाहीं.

आतां घरच्या यंत्रांत हीं पत्रें नेमकीं कोठें असतात? बहुधा जेथें कोणी पाहत नाहीं तेथें. विंडोज एक्सपीच्या काळांतील आउटलुक एक्सप्रेस हा प्रोग्राम प्रत्येक कप्प्याची एक ‘डीबीएक्स’ फाइल करून ती लपविलेल्या फोल्डरांत ठेवीत असे. मायक्रोसॉफ्टच्या क्लासिक आउटलुकमध्यें पॉपचें टपाल ‘पीएसटी’ नांवाच्या एका फाइलींत सांठतें. ती २०१० च्या आवृत्तीपासून सामान्यतः ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरांत असते. तिच्याशीं ‘ओएसटी’ या फाइलीची गल्लत करूं नये. ओएसटी ही सर्व्हरवरील टपालाची छाया होय. ती दुसऱ्या यंत्रावर नेऊन सरळ उघडतां येत नाहीं. थंडरबर्डचा संसार विंडोजवर ‘ॲपडेटा’, त्यांत ‘रोमिंग’, त्यांत ‘थंडरबर्ड’ आणि त्यांत ‘प्रोफाइल्स’ अशा वाटेनें सांपडतो. यांतील ॲपडेटा हा फोल्डर मुळांतच दृष्टीआड ठेवलेला असतो. लपविलेले फोल्डर दाखविण्याची आज्ञा दिल्याशिवाय तो दिसत नाहीं. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ तेवढे उचलून नेणारा कारागीर येथेंच फसतो.

थंडरबर्ड सामान्यतः एका कप्प्यांतील सर्व पत्रें एकाच लांब फाइलींत, बाडांत पानें शिवावीं तशीं, एकामागून एक लिहीत जातो. या रचनेस ‘एमबॉक्स’ म्हणतात. ही फाइल साध्या अक्षरांची असते. सोबतचीं चित्रें व कागदही अक्षरांत रूपांतरित होऊन तींतच बसतात, आणि त्या रूपांतरामुळें त्यांचा आकार सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. या बाडाच्या नांवास मागें शेंपूट नसतें. शेजारीं त्याच नांवाची ‘एमएसएफ’ शेंपटाची लहान फाइल असते. ती केवळ अनुक्रमणिका होय, आणि ती हरवली तरी प्रोग्राम ती पुन्हां तयार करतो. अनोळखी माणूस नेमकी उलटी चूक करतो : नीटस नांवाची अनुक्रमणिका जपून ठेवतो, आणि बिनशेंपटी बाड निरुपयोगी म्हणून टाकून देतो. यास्तव निवड करीत बसूं नये. प्रोफाइलचा संपूर्ण फोल्डर उचलावा. त्यांत पत्ते, खात्यांची मांडणी आणि सांठविलेले पासवर्डही येतात. म्हणून ती प्रत कुलपांत ठेवण्याच्या वस्तूंपैकीं समजावी.

उतरवून घेण्यापूर्वीं टपालाचा प्रोग्राम पूर्णपणें बंद करावा. तो चालू असतां बाडांत लेखन चालूच असतें, आणि अर्ध्या लिहिलेल्या पानाची नक्कल बिघडते. दुसरी अडचण पेनड्राइव्हची. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ या जुन्या पद्धतीनें आंखलेले असतात. त्यांवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाहीं, मग कितीही जागा मोकळी असो. वीस वर्षांची एक पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळीं ‘एक्सफॅट’ पद्धतीनें आंखलेली बाहेरील डिस्क घ्यावी.

मराठी घरांत आणखी एक वस्तु विसरली जाते. युनिकोड रूढ होण्यापूर्वींचीं मराठी पत्रें ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’ अशा फॉन्टांत लिहिलेलीं असत. त्यांत प्रत्यक्षांत रोमन अक्षरांचे संकेत सांठविलेले असून देवनागरीचें रूप केवळ त्या फॉन्टामुळें दिसतें. विंडोज नव्यानें बसविली कीं असे फॉन्ट नाहींसे होतात. मग पत्र सुखरूप परत येऊनही आईचें लिहिणें निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतें. म्हणून पत्रांबरोबर ते फॉन्टही उतरवून ठेवावे. पत्रें तशीं दिसूं लागलीं तरी पुसूं नयेत; फॉन्ट बसवितांच तीं पुन्हां बोलूं लागतात.

नक्कल झाली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. किंबहुना खरी कसोटी तेथेंच आहे. यंत्र पुसण्याआधींच ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. एक जुनें, एक मधलें आणि एक नवें पत्र वाचावें, आणि एखादा जोडलेला कागद उघडावा. परत बसवितांना थंडरबर्डची पूर्वींचीच किंवा त्याहून नवी आवृत्ति घ्यावी, कारण नव्या आवृत्तीचा प्रोफाइल जुनी आवृत्ति सहसा स्वीकारीत नाहीं. केवळ कांहीं बाडेंच हातीं असतील, तर प्रोग्राम बंद ठेवून तीं ‘लोकल फोल्डर्स’च्या फोल्डरांत ठेवावीं, पुढच्या वेळीं तीं कप्पे म्हणून दिसतात. क्लासिक आउटलुकमध्यें पीएसटी फाइल ‘फाइल’ या सदरांतील ‘ओपन’मधून उघडते.

आणि यंत्र आधींच पुसलें गेलें असेल तर? पहिला नियम असा, कीं त्या यंत्रावर नवें कांहींही लिहूं नये. डिस्क न पुसतां विंडोज बसविली असेल, तर जुना संसार ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरांत गुंडाळून ठेवलेला असतो. परंतु विंडोज १० व ११ मध्यें तो सामान्यतः दहा दिवसांनीं आपोआप नाहींसा होतो, म्हणून त्वरा करावी. जुन्या धर्तीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली, तरी तिची जागा दुसऱ्या लेखनानें भरेपर्यंत जाणकारास ती काढतां येण्याचा संभव असतो. नव्या एसएसडीमध्यें मात्र ‘ट्रिम’ या आज्ञेनें सुटलेली जागा यंत्र स्वतःच झाडून टाकतें; तेथें आशा फार थोडी. जुना संगणक, जुना फोन, बंद पडलेला लॅपटॉप हेही धुंडाळावे. एखादें विसरलेलें बाड तेथें पडलेलें असतें.

एवढी खटपट करण्यापेक्षां सारें मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून निश्चिंत व्हावें, असें कोणी म्हणेल. त्यानें २०११ चा दाखला आठवावा. त्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रोग्राममधील एका दोषामुळें, जीमेल वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ०.०२ लोकांच्या पेट्या रिकाम्या दिसूं लागल्या. गूगलपाशीं त्या पत्रांच्या अनेक ठिकाणीं प्रती होत्या. परंतु तो दोष त्या प्रतींपर्यंतही पोंचला. अखेर पत्रें परत आलीं तीं चुंबकीय फितींवरून, कारण त्या फिती चालू यंत्रांशीं जोडलेल्या नव्हत्या. सर्व्हर आणि घरचें यंत्र एकमेकांस जोडलेले असतां एकीकडे पुसलेलें पत्र दुसरीकडेही पुसलें जातें. जोडलेली प्रत म्हणजे आरसा. राखीव प्रत म्हणजे कुलपांत ठेवलेली दुसरी पोथी.

सारांश, पत्रें कोठें आहेत तें आधीं शोधावें, त्यांची प्रत यंत्रापासून अलग ठेवावी, आणि ती उघडून वाचून पाहावी. कारागिराच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचें तें यानंतरच. दुसऱ्या संगणकावर वडिलांचें जुनें पत्र उघडलें, वाचतां आलें, म्हणजे मग “खुशाल पुसा” असें सांगण्यास हरकत नाहीं.